जहाजाचा चाकू आणि बोंगा मासा

मालिक, सेंट-लुईला बिऱ्हाड हलवताना तू पलंग नेलास, माठ नेलास, तुझ्या बायकोनं तर दाराची कडीसुद्धा उचकटून नेली. मागे ठेवलास तो एक चाकू, आणि तो ठेवलास कुठे, तर माझ्या चुलीशेजारच्या फळीवर. चुलीशेजारचा चाकू माणूस कशाला वापरणार? पातं घासत अर्धा जन्म घालवलास, त्यावर ‘मासळीला लावू नये’ एवढं कोरायला तुझा हात मोडला होता का?

असो. सलाम घे. घरात शांती आहे ना? अंगात शांती आहे ना? लेकरं, शेजारपाजार, शेजाऱ्यांच्या कोंबड्या, सगळे शांतीत आहेत ना? इकडे बांजुलमध्ये सगळ्यांना शांती आहे, मी सोडून. गुडघा होता तसाच आहे. शेळी व्याली, दोन्ही बोकडच झाले.

तर तू गेल्यावर, नाताळात दिवा लावून मिरवायच्या आपल्या गल्लीच्या जहाजाचा कागद कोण कापणार, हा प्रश्न आला. बांबूचा सांगाडा काय, कोणीही बांधतो. पण पांढऱ्या कागदाच्या घड्या घालून त्यात खिडक्या-जाळ्या कापायच्या, आत दिवा लावला की नक्षी उजळून निघाली पाहिजे, हे काम तुझ्यामागे कोणाला येत होतं? मंडळाच्या बैठकीत पा सुले (अध्यक्ष झाल्यापासून त्याचं पोट आधी येतं, मग तो येतो) डोकं धरून बसला होता. मी सिराचं नाव घेतलं. माझी नात म्हणून नव्हे, झग्यांच्या गळ्यावर ती जे भरतकाम करते ते तू पाहिलं आहेस. पुरुष हसले. बायकांनी खळ शिजवावी आणि कागद चिकटवावा, असं त्यांचं म्हणणं. मग मी बोलायला लागले. मी बोलायला लागले की काय होतं ते तुला ठाऊक आहे. शेवटी जेवायच्या वेळेला ते कबूल झाले. या वर्षी पोरीनं कापून दाखवावं. नीट झालं तर जहाज कायमचं तिचं, नाही तर विषय बंद. मी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून तिला जामीन राहिले.

मग हत्यार शोधायला आम्ही दोघी बाजारात. आधी शिंप्याची कात्री आणली. घडीचा कागद तिच्या तोंडात घसरतो, वरच्या थराला फूल निघतं आणि खालच्याला बटाटा. मग चिरलेल्या काडीत ब्लेड अडकवून पाहिलं. धार झकास, पण वळण आलं की ते तुझ्या थोरल्यासारखं आपल्याच मनानं जातं. चांभाराची रापी सरळ कडांना बरी म्हणून ठेवून घेतली. दवाखान्यातल्या झाडूवालीनं डॉक्टरांचा एक चाकू आणून दिला (कसा आणला ते मी विचारलं नाही). त्याचं टोक इतकं नाजूक की जाड घडीत मोडून राहिलं. चिमट्यानं काढावं लागलं. शेवटी सिराच्या हातात तुझा चाकू आला. करवतीच्या पात्यातून घडवलेला, मुठीला बकऱ्याचं कातडं गुंडाळलेला. तिनं एक खिडकी कापली, घडी उलगडली, आणि प्रत्येक थर असा सारखा की एकाच्या भोकातून बघितलं तर पलीकडची भिंत दिसावी. पोरगी नुसती हसत बसली. तिला इतकं हसताना मी तिच्या लग्नाची बोलणी चालली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नणंद आली, न सांगता, चार तोंडं घेऊन. माझी सुरी शेजारणीकडे बारशाला गेलेली. टोपलीत बोंगा मासे. मी फळीवर हात टाकला. खवले तर असे निघाले की काय सांगू, असा चाकू मला आयुष्यात मिळाला नव्हता. मग डोकं उडवायला गेले. बोंग्याच्या डोक्यातलं हाड तुला माहीत आहे. कट् असा बारीक आवाज झाला. टोकाचा कण गेला होता, तिळाएवढाही नाही. मी चाकू लुगड्याला पुसला, फळीवर ठेवला आणि भात वाढायला घेतला.

सकाळी सिराला टोक तुटलेलं दिसलं. तिला वाटलं, आदल्या दिवशी आपणच जास्त दाबलं. बिचारीनं दगडावर घासलं, पण त्याचा मूळ आकार गेला तो गेलाच. वळणावर कागद फाटायला लागला, कडांना लव उठली. दुसरा कागद आणायला वेळ नव्हता. वर बोंग्याचं तेल मुठीच्या कातड्यात मुरलेलं. तिच्या बोटांना लागलं, बोटांवरून घड्यांना. दिवसा काही दिसलं नाही. नाताळच्या संध्याकाळी ऑन्टी हॅनाच्या दारात (यंदाचं जहाज या बड्या बाईंच्या मानासाठी बांधलं होतं) आत दिवा लावला आणि अख्ख्या जहाजाला गोवर उठला. जिथे जिथे तेल, तिथे कागद उजळलेला. ढोल वाजत होते, मागे गल्लीतली मांजरं चालत होती. मला वाटलं योगायोग असेल, तोवर एकानं मागच्या डेकवर उडी मारली. लेसच्या झग्यात उभ्या असलेल्या ऑन्टी हॅनांनी फार सभ्यपणे विचारलं, “हे जहाज आहे की मासळीची पाटी?”

लोक पोट धरून हसले. पा सुले तिथल्या तिथे सिराला म्हणाला, “पोरी, पुढच्या वर्षापासून तू खळ शिजव.” ती मान खाली घालून उभी राहिली. मी तिच्या शेजारीच होते, आणि गप्प राहिले. मालिक, मी. मांजराला हाकलायच्या निमित्तानं पुढे गेले आणि परत तिच्या शेजारी आलेच नाही.

तुझी थोरली बहीण,
दुंबे

ता. क. खरं काम असं की, तू पा सुलेला कळव. चाकूचं टोक तू जायच्या आधीपासून कच्चं होतं म्हण, तेलही तूच मुठीला चोळलं होतंस म्हण. तू तिकडे लांब आहेस, तुला कोण काय बोलणार?

आणखी एक. वरचं लिहून मी चुलीपाशी गेले, तर सिरा चाकूच्या मुठीचं जुनं कातडं सोडून नवं गुंडाळत होती. तिच्या गुडघ्याशेजारी जमिनीवर माशाचा एक वाळका खवला जपून ठेवलेला होता. मी विचारलं, कधी सापडला. म्हणाली, “नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मुठीच्या कातड्याच्या कडेला अडकलेला.” मंडळात का बोलली नाहीस म्हटलं, तर म्हणे, “आजी, तू मला जामीन राहिली होतीस. तुला त्या लोकांसमोर खाली बघायला लावू?”

शेवटचं. पा सुलेला काही कळवू नकोस. शुक्रवारी बैठक आहे. मीच उभी राहून सांगणार आहे, आणि जो हसेल त्याचं पुढे मी बघून घेईन. तू फक्त एवढं कर: सिराला स्वतःचा चाकू घडवायला करवतीचं कुठलं पातं घ्यायचं, टोक कुठल्या कोनात घासायचं, सगळं नीट लिही. उत्तर तू स्वतःच्या हातानं लिहायचंस, आणि पाकिटावर माझं नाही, सिराचं नाव घालायचंस.