रान त्याचं, आंबील माझी

माय, रान त्याला दिलंस आणि रानाचं पोट भरायचं काम माझ्या गळ्यात बांधलंस, ही कुठली वाटणी झाली? तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी एकदा तोंड उघडलं न्हाई. दरसाल मार्गशीर्षाच्या अवसेला येळवस आली की लातूरहून आंबिलीनं भरलेलं बिंदगं मांडीवर धरून एसटीनं यायचं, तुझ्या लेकाच्या रानात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव चुना लावून मांडायचे, निवद दाखवायचा आणि पाहुण्यासारखं परत जायचं. तापात आले. तुझा जावई गेला त्या साली बी आले, लोक म्हणाले, हिला काही वाटतं का न्हाई. या साली मात्र माझं डोकं फिरलंय. तू आता बोलू शकत न्हाईस हे मला कळतं. तरी ऐक.

माझ्या पोरानं ठरवलं, हैदराबादच्या पलीकडं ते मोठं पार्क हाय, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, तिथं सगळ्यांनी जायचं. कधी? तर येळवशीला. लातुरात त्या दिवशी शाळेला सुट्टी, लागून शनिवार-रविवार, पोराला तेवढंच दिसलं. मी म्हणलं, तुम्ही जावा, मला रानात जायचंय. तर नात फुगून बसली. "आज्जी, तू न्हाई तर पाळण्यात माझ्याशेजारी कोण बसणार? मम्मी तर खालूनच डोळे मिटती." लेकराकडं बघून मीच मधला रस्ता काढला. जीप उदगीर, देगलूर करूनच जाणार. वाटेत जरा वळलं की आपलं गाव. पहाटं निघू, रानात निवद दाखवू, मामाकडं चार घास खाऊ, मग कुठं न्यायचं तिथं न्या. पोरगं लगीच "हाव" म्हणालं. माझं पोरगं कुठल्याच गोष्टीला लगीच हाव म्हणत न्हाई. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

थंडी अशी की जीपच्या काचेतून काही दिसंना. बिंदगं माझ्या दोन पायांत, सगळ्या भाज्यांच्या भज्जीचं पातेलं सुनेच्या मांडीवर, बाजरीच्या उंड्यांचा डबा नातीकडं. ताकात शिजवलेल्या ज्वारीचा तो आंबट वास गाडीभर. नात नाक धरून म्हणती, "आज्जी, हे नासलंय, फेकून दे." सून खिडकीकडं तोंड करून हसायली. मला हसू आलं न्हाई, मला तुझी चूल आठवली. येळवशीच्या आदल्या दिवशी तू आंबील करायचीस आणि मी जवळ उकिडवी बसायचे. एकदा मी बोट बुडवून चाटलं तर तू पळी हाणलीस बोटावर. "रानाच्या आदी तुला पाहिजे व्हय गं?" आणि त्याच वेळी तुझा लेक वाटी भरून पीत होता, त्याला म्हणालीस, "पी बाबा, पी." दुसऱ्या दिवशी रानात वाटंनं माणसं चालली होती. येळवशीला कुणालाबी जेवायला बोलवायचं असतं, म्हणून मी बांधावर उभी राहून हाळी दिली, "आमच्या रानात या जेवायला." तू सगळ्यांपुढं म्हणालीस, "तुमचं कुठलं गं? तुझं रान तुझ्या सासरी." बायका हसल्या. सासरी कुठलं रान, माय? तुझा जावई आडतीवर पोती उचलायचा. लातुरात आमची एक खोली होती, तिच्या दारात तुळशीपुरती माती न्हवती.

रानाशी उतरले तर कोण न्हाई. आजूबाजूला सगळीकडं माणसं, कोपी उभ्या, धूर, लेकरांचा कालवा, आणि आपल्याच रानात एक कुत्रं. शेजारचा म्हातारा बांधावरून बघायलेला. मी विचारलं, "काका, आमचा भाऊ कुठाय?"

"तो कालच गेला की पोरं घेऊन. त्या पाळण्याच्या गावाला."

"आणि येळवस?"

"तेच म्या बी इचारलं. तर म्हणला, अक्का येती की दरसाल."

मी मागं वळून पोराकडं बघितलं. तो मोबाईलात. मामा-भाच्यानं मिळून ठरवलेलं सगळं, लॉजबी एकच. म्हणला, "आई, मामा म्हणले तुला सांगू नको, न्हाईतर तू यायची न्हाईस. तू तुझी पूजा कर ना, कोण आडवतंय? फक्त जरा लवकर." जरा लवकर! माझ्या तोंडात जे आलं ते मी त्याला म्हणाले, ते लिहीत न्हाई. मग म्हाताऱ्यानं त्याच्याकडच्या कडब्याच्या पाच पेंढ्या दिल्या. त्या मी अन् सुनेनं उभ्या केल्या. पांडवांवर ताजा चुना सुद्धा न्हवता, गेल्या सालचाच, पावसानं धुतलेला. कोपीवर घालायला शाल न्हाई. सुनेनं आपल्या अंगावरची काढली, नवीकोरी, या सहलीला म्हणून घेतलेली, आणि कोपीवर टाकली. त्या पोरीला मी नावं ठेवते नेहमी. त्या दिवशी न्हाई ठेवली.

आता राहिलं रानाभोवती आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणत फिरायचं. ते गडीमाणसाचं काम. आधी बाप करायचा, मग भाऊ. पोराला म्हणलं तर तो म्हणतो, "मला न्हाई येत ते, बूट चिखलात जातील." मग मीच बिंदगं उचललं. मी पुढं, नात मागं, आणि ती अशी ओरडायली की चार रानांतली माणसं उभी राहून बघायली. म्हातारा हसून म्हणला, "बाईमाणूस फिरायलंय, यंदा ज्वारी उलटी उगवती का बघा." मी म्हणलं, "उगवू द्या काका, आमच्याकडं काहीच सरळ न्हाई." रस्त्यावर जीपचा हॉर्न सारखा वाजायलेला. मी एक बी कोपरा सोडला न्हाई. हॉर्न वाजंल तसं मी आणखी हळू चालायले.

दिवस कलता लॉजला पोचलो. तुझा लेक दारात खुर्ची टाकून बसलेला, माकडटोपी, नवा सोटर, हातात वेफर्स. मला बघून उठला बी न्हाई. "आलीस अक्का? झाली का येळवस?" जसं काय दळण आणलं का विचारायलाय. मी म्हणलं, "तुला लाज कशी वाटत न्हाई? रान तुझं, पीक तुझं, आणि रान उपाशी ठिऊन तू हितं वेफर्स खातूस?" तर काय म्हणला, माहीत हाय? म्हणला, "मायनं तुला सांगितलं व्हतं, मला कुठं सांगितलं? मला कदीच काई म्हणली न्हाई ती. तुझा शब्द हाय, तू पाळ." त्याची बायको हळूच म्हणली, "वन्स, थकला असाल, च्या घ्या." मी च्या घेतला न्हाई.

तो खोटं बोलत न्हाई, हेच तर माझं दुखणं हाय. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी तुझे पाय चोळत होते, तू माझा हात धरून दोनच गोष्टी म्हणालीस. "रान भावाकडं राहू दे, तू मागू नको. आणि येळवस चुकवू नको, रान उपाशी ठिऊ नको." मी दोन्हीला हाव म्हणाले. तो तेव्हा बाहेर ओट्यावर पत्ते खेळत होता. त्याला आत बोलवून एक शब्द तरी सांगायचास. तुझी जीभ काय जड झाली असती का?

जेवताना त्यानं खरी गोष्ट काढली. सातबाऱ्यावर बापाच्या पाठी लागलेलं माझं नाव अजून हाय. रान रस्त्याला लागलंय, त्याला तिथं ढाबा टाकायचाय. संक्रांत होऊन कर गेली की दुसऱ्या दिवशी तो लातूरला येणार, मला मुखेडच्या कचेरीत नेणार, हक्कसोडावर सही घ्यायला. "एका सहीचं काम हाय अक्का. पुढच्या सालापासून तुझी बी येळवशीची कटकट गेली." कटकट म्हणला. माझ्या हातातली भाकर हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते पार्क बघितलं. बरं हाय. नातीशेजारी पाळण्यात बसले बी. पण तिथं एक खोटं गाव केलंय, खोटी विहीर, खोटा बैल, आणि प्लास्टिकच्या गवताची कोप. त्या कोपीपुढं माणसांची रांग, फोटोसाठी. आणि रांगेत तुझा लेक, डोक्याला तिथला भाड्याचा फेटा बांधून. मला म्हणतो, "अक्का, ये की, दोघांचा एक काढू, गावाकडच्यावानी." मी तिथनं चालती झाले. लोकांपुढं रडायची सवय मला न्हाई.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुला ठिकाण न्हाई आणि असतं तरी तुला वाचता येत न्हवतं, तू कुणाकडनं वाचून घेतलं असतंस? मलाबी चौथीतनं काढलंस ते तुझ्या लेकाला सांभाळायला. हे ज्वारीच्या डब्याखाली राहील. पण एक सांगते, ते अजून कुणाला बोलले न्हाई. दरसाल मी तुझ्या शब्दासाठी येत होते, असं मीच लोकांना सांगत होते. ते खरं न्हाई, माय. त्या दिवशी हॉर्न वाजत असताना रानाच्या पार टोकाला नातीनं विचारलं, "आज्जी, हे कुणाचं रान हाय?" आणि मी म्हणाले, "आपलं." पटकन म्हणाले, मग मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. एवढ्या वयात. ती भीती तू लावलीस मला त्या बांधावर. मला ते रान पाहिजे. ढाब्याला न्हाई, विकायला न्हाई, कोपीपुरतं तरी माझ्या नावाचं पाहिजे.

म्हणून विचारते. तू मला दोन शब्दांत बांधलंस, आणि ते दोन्ही एकाच वेळी पाळता येत न्हाईत. सही केली तर रान उपाशी, न्हाई केली तर भाऊ तुटला. यातला कुठला शब्द खरा, ते तू सांग. स्वप्नात ये, कुणाच्या अंगात ये, कशीबी ये. करीच्या दिवशी दिवा लावायच्या आत सांग. तोवर वाट बघीन. दिवा लागला आणि तू आली न्हाईस, तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील तेव्हा त्याला काय म्हणायचं ते मला माहीत हाय.