नव्या यंत्राचा खिसा

१२ मार्च, रविवार

प्रिय अप्पा,

आधी नमस्कार, मग आईची चौकशी, आणि मग तक्रार. अक्षर मोठं काढलंय, पेन जाड आहे म्हणून.

फोनवर तुमचं एकच टुमणं, "घेतलंस का नवं यंत्र?" नाही घेतलं! पाण्याचे मीटर नोंदवायला ऑफिसने दिलेला माझा खिशातला छोटा संगणक अजून चालतो. म्हणजे, चालतो असं मी म्हणते. सात एकदा दाबला की दोनदा उमटतो. परवा एका आजोबांच्या नावावर अख्ख्या गल्लीचं पाणी लागलं. त्यांनी मला दारातच झापलं, "बाई, मी काय घरात हत्ती पाळलाय?"

साहेब म्हणतात, उद्यापर्यंत नवं घ्या, नाहीतर टेबलावर बसवतो. माझी सोबतीण रोज डोकं खाते, "ऑफिस देतंय, तुझं काय जातंय गं?" शेवटी वैतागून मी सगळ्यांना ऐकवलं, की चालती वस्तू कचऱ्यात टाकणं मला पटत नाही. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पदवीचा उपयोग झाला एकदाचा!

पटत नाही हे खरं, पण कारण ते नाही. नवं यंत्र रुंद आहे. तुम्ही माझ्या कामाच्या शर्टांना शिवलेल्या खिशांत ते मावत नाही. आणि हे कळलं की तुम्ही लगेच शिलाई मशीनवर बसणार, "पाठव सगळे शर्ट, आमच्या पदवीधरबाईंना खिसा लागतो!"

अप्पा, मागच्या शर्टाचा खिसा तुम्ही वरूनही शिवून टाकला होता. चारी बाजूंनी बंद. मी टाके उसवले आणि तुम्हाला कळवलं, झकास बसलाय. आईला विचारलं, तर म्हणते, "तूच सांग बाई, माझ्यावर खेकसतात." म्हणजे तिलाही माहीत! नीट दिसत नाहीये तुम्हाला, आणि घरात सगळे गप्प. लोकांच्या दारात एका आकड्यासाठी भांडते मी, आणि तुमच्यापुढे माझी दातखीळ बसते.

उद्या नवं यंत्र घेतेय. शनिवारी घरी येते. आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग खिसे. मशीन मी चालवीन. तुम्ही शेजारी बसून बोटांनी शिवण तपासा आणि हवं तेवढं ओरडा. डॉक्टरकडे यायला नाही म्हणालात, तर यंत्र हातात धरून फिरेन. फुटलं तर साहेबांना तुमचं नाव सांगेन.

आणि हो, पेन जाड नाही, साधंच आहे. अक्षर तुमच्यासाठी मोठं काढलंय.

तुमची,
खिसा उसवून गप्प बसलेली लेक