पुढची पात

सोमवार, ६ फेब्रुवारी १९६१

न्हाय, मला राग आलेला न्हाय. माझं तोंडच असं हाय. ज्याला बघवत न्हाय त्यानं दुसरीकडं बघावं.

चारुशीलाबाईनं सांगितलं म्हणून लिहायला बसले, न्हायतर मला कुठली सवड. ही ब्लॉकची ग्रामसेविका. तुळजापूरची, मास्तराची पोरगी. सोमवारी अन् गुरुवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर बायांचा वर्ग घेती. आज म्हणाली, "ज्यांना लिहिता येतं त्यांनी रोज थोडं लिहायचं. मी माणसं कशी चालवते, आणि ते कुणाकडून शिकले. मला दाखवू नका. तुमचं तुमच्यापाशी." फळ्यावर ही मोठी अक्षरं काढली — नेतृत्व.

अख्ख्या वर्गात धड लिहिणारी मीच निघाले. मामा सोलापूरच्या अंगाला, इंग्रजी हद्दीत ऱ्हायचा. तिथं तिसरीपर्यंत गेले. इकडं मोगलाईत पोरींला कोण शाळेत घालत व्हतं. म्हणून हे लोढणं माझ्याच गळ्यात.

तर लिहिते. माझी बायांची टोळी हाय. खुरपणी, काढणी, पडंल ते काम. नेतृत्व म्हणं. आमी त्याला पुढची पात म्हणतो. बाईला पात म्हंजी काय हेबी म्हाईत न्हाय. ही आमाला शिकवणार. अगं, रानात बाया एका रांगंत उभ्या ऱ्हातात, एकेकीच्या वाट्याला एक पट्टी. ती तिची पात. या बांधापासून त्या बांधापर्यंत काढत जायची. पहिली पात मुख्य बाईची. ती पुढं पळती, बाकीच्या तिच्या मागं ओढल्या जातात. मागं बघायचं न्हाय. मागं बघितलं की आपला हात थांबतो, आपला थांबला की सगळ्यांचा.

ही माझी पद्धत. कुणाकडून शिकले? कुणाकडूनच न्हाय. झालं लिहून.

कडूबाई माझ्या बरोबरीची, टोळीत माझ्याबी आधीपासून. तिला बाईनं विचारलं तर म्हणाली, "म्या नवऱ्याकडून शिकले. तो करायचा ते करायचं न्हाय, एवढंच." सगळ्या हसल्या. बाईबी हसली. ह्याला वर्ग म्हणतात.

बुधवार, ८ फेब्रुवारी

नारायणरावांच्या नदीकडच्या रानात करडईची काढणी लागली. करडईला अंगभर काटा. पहाटंचं दव असंस्तवर तो मऊ ऱ्हातो. ऊन चढलं की सुई. म्हणून तांबडं फुटायच्या आत रानात जायचं, हाताला फडकी गुंडाळून. उठवायचं कुणी? म्या. दारोदार कड्या वाजवत हिंडले. एकीचं पोरगं रडतंय, एकीची चूल पेटंना. म्या म्हणलं, करडईला सांगून येऊ का, जरा थांब म्हणून?

सून रुद्रम्मा शेपटीला. नव्या सुनंला शेवटची पात, रीतच हाय, मलाबी तीच दिलती. ह्या रानात तर शेपटीची पात आखूड. नदीकडं बांध आत आलाय, पात लवकर सरती. तरी हिचं सगळ्यांच्या मागून.

आळंदाकडची, कानडी मुलखातली पोर. काम येतंय, न्हाय म्हणत न्हाय. पण लक्ष आपल्या पातीवर न्हाय. शेजारी कडूबाई मागं पडली की ही आपलं टाकून तिच्या पातीत विळा घालती. मी बांधावर पोचून पाणी प्याले, बसले, तरी ह्या दोघी अर्ध्यात. वरडले, "रुद्रम्मा, आपली पात सांभाळ."

"व्हय आत्याबाई."

अन् परत तेच.

"पोरीला कशाला बोलतीस," कडूबाई म्हणाली, "माझ्या गुडघ्याला ती एकटीच विचारती."

गुडघ्याला विचारून करडई निघत न्हाय.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज दव पडलंच न्हाय. तरी काढली. हातात काटे सगळ्यांच्याच. माझ्याबी. वर्गाला गेले न्हाय, फळा बघून काटा निघत न्हाय.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

बोटांत काटे हाईत. वाचायला लागंल तसं लागंल.

आजबी दव कमीच. ऊन वर आलं अन् करडई चावायला लागली. मी पुढं. फडकं फाटलं, तसंच काढत गेले. बांधाला पोचले. वळून बघते तर पाठीमागं कुणी न्हाय. बाया तिकडं मधी रानात उभ्या. विळे खाली. कवापासून उभ्या व्हत्या देव जाणं. मी एकटीच येड्यागत काढत आलते.

तशीच उलट पावली गेले. "काय झालं? साप निघाला का?"

मग रुद्रम्मानं आपला विळा खाली ठेवला, हळूच, जसा चुलीवरनं तवा उतरवावा. म्हणाली, "साकु, आत्याबाई."

साकु म्हंजी बास. माझ्या सुनंनं मला भर रानात, सगळ्या टोळीदेखत, बास म्हणलं.

"बास करणारी तू कोण?"

"कडूकाकूच्या हाताला रगत आलंय. काटा खोल गेलाय. उद्या दवात येऊ, चार पाती जास्त काढू."

"अन् उद्याबी दव न्हाय पडलं तर?"

"तर परवा."

परवा म्हणं. ढग आले, पाऊस पडला, करडई काळी पडली, तर हिचा परवा कुठं ठेवायचा? हे म्या सगळ्यांकडं बघून इचारलं. एकीनं मान वर केली न्हाय. पण विळाबी कुणी उचलला न्हाय. कडूबाईनंबी न्हाय. आमी दोघी इतकी वर्षं एका रांगंत उभ्या ऱ्हायलो, तरी तिनं न्हाय.

मी परत बांधाकडं गेले अन् माझी राहिलेली कड एकटीनं साफ केली. दाखवायला न्हाय केली. माझी व्हती म्हणून केली.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आजबी दव न्हाय, रानात कुणी गेलं न्हाय. घरात बोलणं बंद. म्या माझी भाकरी माझी थापली. तिनं कालवण पुढं सरकवलं, म्या परत सरकवलं. माझा पोरगा शांतलिंग उमरग्याला ट्रकवर हाय, बरं हाय, न्हायतर दोघींच्या मधी त्याचंच भरीत झालं असतं.

दुपारी नारायणराव आले. ओट्यावर टेकलेबी न्हाईत. "कस्तुराबाई, माझं रान मोकळं व्हणार का न्हाय? बुधवारपर्यंत न्हाय झालं तर लोहाऱ्याहून टोळी आणतो. अन् एकदा आणली की पुढची सुगीबी तीच करंल, आधीच सांगतो."

म्हंजी नुसती करडई न्हाय. हरभरा, ज्वारी, सगळं गेलं. आमच्या निम्म्या बायांच्या चुली ह्या एका माणसाच्या रानावर पेटत्यात.

म्या म्हणलं, "बुधवारी मोकळं करून देते."

ते म्हणाले, "बाया लई शेफारल्यात तुमच्या."

तवा मात्र म्या ऐकलं न्हाय. म्हणलं, "नारायणराव, माझ्या बायांला म्या काय बोलायचं ते बोलंन. तुमी न्हाय बोलायचं. बिनदवाची करडई एकदा स्वतः काढून बघा, मग शेफारल्या का काय ते सांगा." गेले गप.

रुद्रम्मा दाराआड व्हती. ऐकलं असंल. ऐकलं तर ऐकलं. तिच्यासाठी न्हाय बोलले.

सोमवार, १३ फेब्रुवारी

काल टोळी गेली व्हती रानात. दव बरं पडलं व्हतं म्हणं. मला कुणी हाक मारली न्हाय. कड्या कुणी वाजवल्या? रुद्रम्मानं. आज माझं अंग दुखत व्हतं म्हणून गेले न्हाय. अंगच दुखत व्हतं.

वर्गाला गेले. आज फळ्यावर पुढाऱ्याचे गुण. गोड बोलावं. सगळ्यांचं ऐकावं. धीर द्यावा. म्या विचारलं, "बाई, हे करून एक तरी रान मोकळं केलंय का कुणी?"

ती चिडली न्हाय. चिडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "कस्तुराकाकू, तुम्हाला पहिली पात कुणी दिली?"

उत्तर इथं देते, इथं तिचे डोळे न्हाईत.

शरणम्मानं दिली. माझी सासू. टोळी तिची व्हती. पहिल्या सुगीला मला शेपटीला उभी केली, ह्याच नदीकडच्या रानात, अन् पुढं निघाली ती निघालीच. एकदा वळून बघितलं न्हाय. तिची पाठ तेवढी दिसायची, मग तीबी दिसंनाशी व्हायची. शांतलिंग पोटात असताना तर वाकले की मान वर निघायची न्हाय. तवाबी शेपटीलाच. रडत काढली, पण सोडली न्हाय. अन् लिहून ठेवते, लई पल्ला बाकी असंल असं वाटायचं तवर पीक सरायचं. समोर शरणम्मा पाणी पीत उभी. घामानं भिजलेली, तोंड दगडागत. विचारायची, "झालं?" मी म्हणायची, "झालं." एवढंच बोलणं. एका सुगीत एवढंच.

तिथंच रान आखूड हाय म्हणून तरले. तिच्यामुळं न्हाय. माझी पात म्या काढली, कुणाचं बोट लागलं न्हाय. पाठ दाखवली म्हंजी शिकवलं व्हय?

राज्य मोगलाईचं गेलं, मुंबईचं आलं, आता महाराष्ट्र झालाय. शरणम्माबी गेली परवाच्या दिवाळीत. शेवटचं वरीसभर तिचं हागणं-मुतणं रुद्रम्मानंच काढलं, मला रान व्हतं. ही तिला अव्वा म्हणायची. दोघी कानडीत काय कुजबुजायच्या त्यांचं त्यांनाच म्हाईत. मला म्हातारी शेवटपर्यंत चांगलं म्हणाली न्हाय.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

बाया घरी आल्या. सगळ्या. कडूबाईच्या हाताला पट्टी. तीच बोलली, बाकीच्या तिच्या पाठीमागं लपल्यागत.

"कस्तुरा, उद्या शेवटचं रान हाय. पुढची पात रुद्रम्माला देऊ म्हणतोय."

"देऊ म्हणतोय का दिली?"

"दिली."

रुद्रम्मा चुलीपाशी. मान खाली. "म्या मागितली न्हाय, आत्याबाई."

"मागितली असतीस तर मानलं असतं मी तुला."

कडूबाई म्हणाली, "तुझ्या जिभंवर कामं मिळाली आमाला, न्हाय म्हणत न्हाय कुणी. मालकाशी तूच भांडायचं, हिला जमायचं न्हाय ते. पण रानात तुझ्या मागं आता पळवत न्हाय. तू बांधावर बसून वरडतीस, अन् आमी मधी वाळतोय."

"बांधावर पोचल्यावर बसू नको तर काय नाचू?"

कडूबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच काहीतरी लपवून ठेवलंय.

उद्या जाणार. शेपटीला उभी ऱ्हाणार. रीत हाय ना, मग ती म्हाताऱ्या सासवंलाबी लागू दे. आखूड पात, माझा हात. पुढचीच्या आधी बांधाला पोचून दाखवते. मग बघू कुणाच्या मागं कोण पळतंय.

बुधवार, १५ फेब्रुवारी

दव व्हतं. मान खाली घातली ती घातली.

शेपटीची पात आखूड न्हाय. बांध पार बाभळींपाशी हाय, पुढच्या पातीइतकाच लांब. तरी माझी पात अर्ध्यात सरली. वर बघितलं तर समोर रुद्रम्मा. माझ्याकडं तोंड करून. घामानं भिजलेली. बांधाकडून माझीच पात काढत आलेली.

म्हणाली, "अव्वांनी सांगितलंतं. पुढची बाई बांधाला पोचली की तिनं शेवटच्या पातीला उलटं लागायचं. जिची मान खाली हाय तिला कळू द्यायचं न्हाय. तुमीच आज मान लवकर वर केली."

कडूबाई शेजारच्या पातीत व्हती. "तुला म्हाईत न्हवतं? आमाला वाटायचं, म्हाईत हाय अन् तू करत न्हाईस."

एवढी वर्षं.

रुद्रम्मानं विचारलं, "झालं?"

म्या म्हणलं, "झालं."

रान मोकळं झालं. ह्याच्या पुढं मी काही लिहिणार न्हाय. बाईनं विचारलं तरी न्हाय.