फ्रेम आत, घोटा बाहेर

४ जानेवारी, रविवार
कन्येच्या स्केटिंग क्लबात १ फेब्रुवारीला पालकांची शर्यत आहे. तीनशे मीटर. नाव दिलं. कन्या म्हणाली, "बाबा, नक्की?" आवाजात कौतुक होतं. निदान मला तरी तसं वाटलं.
एका माजी खेळाडूचे स्पीड स्केट्स मिळाले. घोट्याखालीच संपणारे बूट, खाली लांबलचक फ्रेम, तिच्यात चार मोठी चाकं. घातले, उभा राहिलो. दोन्ही घोटे आतल्या बाजूला कोसळले. कोच मॅडम म्हणाल्या, याला प्रोनेशन म्हणतात, घोट्यांचे व्यायाम करा. फ्रेमही किंचित आत सरकवून बघता येईल. एक मिलिमीटर, जास्त नाही.
व्यायाम ज्यांना यंत्र कळत नाही त्यांच्यासाठी. बावीस वर्षं लिफ्टच्या दारांच्या फटी तपासतोय. प्रश्न घोट्याचा नाहीच, अलाइनमेंटचा आहे.

६ जानेवारी, संध्या. ७.१०
बुटाच्या तळाला दोन बोल्ट, पुढे एक, मागे एक. ॲलन कीने सैल केले की फ्रेम आडवी सरकते. सोपं आहे. एका मिलिमीटरने काय होणार? तीन सरकवली.

७ जानेवारी
घोटे जवळजवळ जमिनीला टेकले. पार्किंगच्या फरशीला उतार असावा.

८ जानेवारी
उतार नाही. बूट मांडीवर उलटा धरला की डावं-उजवं बदलतं. फ्रेम आत जायची ती बाहेर गेली होती. हे कोणीतरी बुटावर छापायला हवं. उत्पादकांना पत्र लिहायचं. (उद्या.)

१० जानेवारी, शनिवार
चुकीची भरपाई म्हणून सहा मिलिमीटर आत. आता घोटे बाहेर पडतात. याला प्रोनेशन म्हणत नाहीत. म्हणजे प्रोनेशन बरं झालं.
हिने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, मध्ये अदृश्य घोडा आहे का.

१४ जानेवारी
साडेचार केली, मग साडेतीन, मग सव्वाचार. ऑफिसात जिना उतरताना कठडा धरावा लागतो. साहेबांनी विचारलं, "लिफ्ट आहे ना आपल्याकडे?" खेळाडूचं आयुष्य त्यांना काय कळणार.

१७ जानेवारी, शनिवार
साडेतीनवर चाळीस मीटर सरळ गेलो! थांबलो ते कचऱ्याच्या डब्याला धरून, पण थांबलो. विषय आता हातात आला आहे.
कन्येचा सराव नीट निरखला. डावा घोटा अगदी किंचित आत येतो. मॅडमच्या लक्षात कसं आलं नाही? उद्या तिची निवड चाचणी आहे, टीममध्ये चार जागा. ती गणिताच्या क्लासला गेली असताना डावी फ्रेम दीड मिलिमीटर सरकवली. सांगितलं नाही. जिंकल्यावर सांगेन.

१८ जानेवारी, रविवार
दुसऱ्या वळणावर पडली. गुडघा सोलला, कोपर सोललं. उठून पळाली तरी पाचवी आली.
कारणं: (१) वारा. (२) पुढच्या मुलीने अचानक वेग कमी केला. (३) नवी चाकं.
गाडीत मी वाऱ्याबद्दल बोललो. ही म्हणाली, झाडाचं पानसुद्धा हललं नाही.

१९ जानेवारी
कन्या आपल्या फ्रेमची जागा पांढऱ्या पेनने खूण करून ठेवते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
जेवताना तिने विचारलं, "बाबा, माझ्या बुटाला हात लावलास?"
मी विचारलं, "कोणत्या बुटाला?"
ताट उचलून खोलीत गेली.

२१ जानेवारी
ॲलन की खिळ्यावर नाही. हिला विचारलं. ही म्हणाली, "मिळेल. माणसात आल्यावर."

२२ जानेवारी
वाऱ्याचा मुद्दा पुन्हा तपासला. वारा नव्हता.

२३ जानेवारी, शुक्रवार
ऑफिसातून परस्पर ट्रॅकवर गेलो. मॅडमना सांगितलं. आधी यंत्रशास्त्राच्या अंगाने सांगू लागलो, मग नुसतंच सांगितलं. त्या बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "रविवारी तिला एकटीला घड्याळावर पळवते. चौथीपेक्षा वेळ चांगली आली तर पाच जणींची टीम पाठवीन. पण तिला हे तुम्ही सांगायचं. मी नाही."
घरी येऊन तिच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, मीच सरकवली. तुझं भलं करायला गेलो. चुकलं माझं.
ती गुडघ्याची पट्टी बदलत होती. म्हणाली, "मला सोमवारीच कळलं होतं. तू कधी सांगतोस ते बघत होते." मग म्हणाली, "चार दिवस लावलेस."
पाच म्हणता आले असते. हिशोब तिने माझ्या बाजूने केला.

२५ जानेवारी, रविवार
ती पळाली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसलो होतो. वेळ तिसऱ्या क्रमांकाची आली. टीममध्ये आहे! रडलो नाही. वारा होता. (आज खरोखर होता. हिनेही मान्य केलं.)

१ फेब्रुवारी, रविवार
पालकांची शर्यत. आठ स्पर्धक. पहिले वीस मीटर मी चौथा. मग साडेतीन मिलिमीटरने आपला निर्णय घेतला. दोन्ही पाय मला घेऊन गवतात गेले. परत आणले, परत गेले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाकीचे सात जण पाणी पीत होते. कन्या दोरीच्या बाहेरून बरोबरीने धावत ओरडत होती, "गुडघे वाकव, बाबा! खाली बघू नकोस!" आठवा आलो. आठात आठवा.
तिने तिथेच माझे बूट काढायला लावले. ॲलन की तिच्या खिशात होती. दोन मिनिटांत दोन्ही फ्रेम आणल्या मध्यावर. सरकवायला लागल्यापासून मध्यावर मी कधी ठेवून बघितलंच नव्हतं. म्हणाली, यापुढे बोल्टला हात लावायचा नाही, आणि शनिवारी सकाळी सात वाजता नवशिक्यांच्या बॅचला यायचं. ती बॅच हल्ली तीच घेते.

७ फेब्रुवारी, शनिवार
हजर होतो. बॅच सहा ते आठ वयोगटाची. सगळ्यांनी तिला ताई म्हणायचं, असा नियम आहे. मलाही.
माझ्या शेजारच्या चिमुरडीला पुढचे दोन दात नाहीत. घोटे मात्र सरळ. तिने मला विचारलं, तुमची आई सोडायला आली का. मी म्हटलं, बायको आली.
आजचा धडा: न लागता कसं पडायचं. पाळी आल्यावर पडलो. ताई म्हणाल्या, "सगळ्यांनी इकडे बघा. या काकांसारखं पडायचं." आणि मला पुन्हा पडायला सांगितलं.
चार वेळा पडून दाखवलं. बॅचमध्ये पहिला आलो.