रुखवतातला बोर्ड

मी, लडकू हिरू भोईर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, सध्या घरीच, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नाही, नशेत नाही आणि कोणाच्या गोड बोलण्याला भुलूनही नाही, तर स्वतःच्या अकलेनं लिहून ठेवतो. अक्कल ठिकाणावर होती का, अशी शंका पुढे कोणी काढली तर सांगून ठेवतो. आज सकाळीच डब्यातला एक रेझिस्टर हातात घेतला, तपकिरी, काळा, लाल असे पट्टे बघितले आणि मनात एक हजार ओहम म्हणालो. मीटर लावून पाहिलं तर बरोबर निघालं. शरीराचं मात्र तसं नाही. घशातली गाठ आता पेजसुद्धा खाली जाऊ देत नाही, आणि दिवाळीचा विषय निघाला की डॉक्टर माझ्याकडे न बघता माझ्या मुलाकडे, मनोजकडे बघतात.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

कलम १. अंजूर येथील राहतं घर माझी पत्नी गुणाबाई हिच्याकडे ती हयात असेपर्यंत राहील. तिला कोणी उठवायचं नाही, माळ्यावर किंवा पडवीत सरकवायचं नाही. तिच्यामागे घर मुलगा मनोज याचं. पाण्याच्या टाकीवर मी बसवलेला अलार्म काढू नये. नळाला पाणी आलं की तो वाजतो आणि गुणाबाई उठते. चाळीस वर्षं ती त्या आवाजाला शिव्या घालत आली आहे, पण एकदाही पाणी चुकलेलं नाही.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे सोल्डरिंग गन, दोन मल्टिमीटर, पक्कड, तारा सोलायची कात्री आणि भंगारातून आणून मी स्वतः चालू केलेला ऑसिलोस्कोप, हे सर्व गावातला वायरमन विशाल तरे याला द्यावं. मनोजला हत्यारांपैकी काही देत नाही. तो रिक्षा चांगली चालवतो, पण टेस्टरने रंगाच्या डब्याची झाकणं उघडतो. त्याला याचं वाईट वाटणार नाही, मला खात्री आहे.

कलम ३. मी भजनी मंडळासाठी बनवलेला अँप्लिफायर मंडळाने परत केला, कारण नव्या स्पीकरला निळे दिवे लागतात. तो अँप्लिफायर मंडळाला पुन्हा देऊ नये. मागितला तरी देऊ नये. गुणाबाईने त्यावर रेडिओ ऐकावा.

कलम ४. गोदामांतून परत आलेला माल वजनावर विकतात, त्यातून मी आणलेले बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि सुटे भाग पडवीतल्या पिंपात आहेत. ते भंगारात घालायला हरकत नाही. फक्त लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधून काढलेले सेल कोणी ठोकू नयेत, उन्हात टाकू नयेत. विशालला विचारून काय ते करावं. घरात आग लागून नको.

कलम ५. आता मुख्य.

माझी मुलगी मेघाली हिचं लग्न टेमघर येथील दीपेश बाळाराम केणे यांच्याशी झालं. रुखवतात बायकांनी लोकरीची तोरणं, साखरेचे हत्ती आणि मोत्यांचं तुळशीवृंदावन मांडलं. मी एक बोर्ड मांडला. सागाची फळी पॉलिश करून तिच्यावर अर्थ लिकेज ब्रेकर बसवला होता. कुठेही करंट अंगातून जमिनीकडे जायला लागला की हा ब्रेकर क्षणात घराची लाईट तोडतो आणि माणूस वाचतो. त्याच्या बाजूला मी स्वतः बनवलेलं सर्किट होतं, घराला अर्थिंग नसेल तर बझर वाजवणारं. आणि वर लहान लहान दिव्यांनी लिहिलेलं नाव, मेघाली. नाव घालायला नको होतं. नावामुळे बायका गोळा झाल्या आणि खालच्या ब्रेकरकडे कोणी बघितलं नाही.

बोर्ड मीटरच्या पेटीत, मेन लाईनवर जोडायचा होता. तसं मी व्याह्यांना सांगितलं. बाळारामशेठ हसले आणि म्हणाले, "व्याही, रुखवताची वस्तू हाय ती. मीटरच्या पेटीत कोन बघनार? हॉलमदी लावू. आल्यागेल्याला दिसंल."

हॉलमध्ये लावला. सत्यनारायणाच्या दिवशी कोणीतरी त्याची पिन सॉकेटमध्ये घातली. नाव पेटलं आणि त्याबरोबर बझर वाजायला लागला. भटजी थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुभ दिवसाला ह्यो काय कोकलतोय?" बाळारामशेठ म्हणाले.

मी म्हटलं, "घराला अर्थिंग न्हाय, त्येच सांगतोय त्यो."

"आमचे घरात कमी काडाला आनलाय का यो?" असं म्हणून त्यांनी नारळाच्या शेंड्या कापायला ठेवलेली कात्री घेतली आणि बझरची वायर कापली. नाव चालू राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूजा पुढे सुरू झाली. मुलीच्या बापाने तिच्या सासरी तीच गोष्ट दुसऱ्यांदा बोलायची नसते, असं आमच्यात मानतात. निघताना मेघाली मला ओट्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बाबा, तुमी काय बोलू नका. मी सवडीनं सांगन त्यांना."

तिने सांगितलं असेल. ती विसरणारी नव्हती.

मेघालीची मुलगी रंजिता रांगायला लागली होती तेव्हाची गोष्ट. तिला आंघोळ घालायची म्हणून मेघालीने स्टीलच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला आणि पाणी तापलं का बघायला हात घातला. मेन लाईनवर तो ब्रेकर असता तर तिला झटका बसला असता, घरात अंधार झाला असता, आणि लाईट गेली म्हणून ती ओरडली असती. ब्रेकर हॉलमध्ये होता. ती न्हाणीघरात पडली होती आणि हॉलमध्ये तिचं नाव पेटलेलं होतं. मी पोचलो तेव्हाही पेटलेलंच होतं. मीच जाऊन पिन उपसली.

बाळारामशेठ म्हणाले, नशीब. मी म्हटलं, नशीब नव्हे, अर्थिंग. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

मला त्या माणसाचा राग आहे. जमीन वाटता येते, राग वाटता येत नाही, आणि मला वाटायचाही नाही. मनोजने तो चालवू नये. मी तो बरोबर घेऊन जातो.

पण बोर्ड अजून तिथेच आहे. मेघालीच्या फोटोशेजारी, हार घालून. तिच्या वर्षश्राद्धाला पिन लावतात आणि नाव पेटवतात. रंजिता यंदा पहिलीत गेली. त्याच घरात राहते, त्याच न्हाणीत आंघोळ करते. परवा दीपेश मला बघायला आला होता. मुलगा वाईट नाही. मी त्याला पाटीवर लिहून विचारलं, कारण हल्ली माझा आवाज निघत नाही, की बोर्ड मेनवर का घेत नाहीस? त्याने पाटी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "पप्पा म्हनतात, मयताची आठवन हाय, हात लावाचा न्हाय. पप्पांना कोन सांगनार, बाबा?"

म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ६. खाडीकडचं माझ्या नावचं भाताचं शेत, ज्याच्या दोन्ही बाजूंना आता गोदामं उभी आहेत, ते मी माझी नात रंजिता दीपेश केणे हिला देतो. ती सज्ञान होईपर्यंत शेताचा कारभार तिचे वडील दीपेश यांनी बघावा. बाळारामशेठ यांचा त्या जागेवर गोदाम बांधायचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे. बांधू देत. पण कारभार हातात येण्याआधी बोर्ड भिंतीवरून उतरवून मीटरच्या पेटीत मेन लाईनवर जोडलेला असला पाहिजे, घराला अर्थिंग केलेलं असलं पाहिजे आणि कापलेली वायर जोडलेली असली पाहिजे. ब्रेकर जुना झाला असेल, तर विशालने तपासून नवा बसवावा. हे होत नाही तोवर कारभार मनोजकडे राहील आणि तिथे एक वीटही लागणार नाही. बाळारामशेठना कोण सांगणार, हा दीपेशचा प्रश्न होता. आता मी सांगितलं आहे, आणि मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही.

कलम ७. माझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर हात जोडून मला वचनं देत बसू नये. माझी इच्छा कसली राहिली आहे ते वर लिहिलं आहे. मनोज, गुणाबाई आणि विशाल यांनी घाटावरून थेट टेमघरला बोर्ड तपासायला जावं. मुलीच्या सासरी असं जात नाहीत, असं कोणी म्हणेल. जावं.

बोर्डावर ब्रेकर तपासायचं एक लहान बटण आहे. मेघालीच्या नावाची पिन घरातल्या सॉकेटमध्ये आधी लावून ठेवावी. मग रंजिताला उचलून घ्यावं आणि बटण तिच्या बोटाने दाबायला लावावं. तिला आधी सांगावं, घाबरू नको, लाईट जाणार आहे. पंखा थांबला पाहिजे, फ्रीज थांबला पाहिजे, न्हाणीतला बल्ब गेला पाहिजे. आणि तिच्या आईचं नावसुद्धा विझलं पाहिजे. ते पेटत राहिलं, तर बोर्ड अजून शोभेलाच आहे. मग कावळ्याला बोलवू नका. तो येणार नाही.

हे मृत्युपत्र मला वाचता येतं, ते मी स्वतः वाचलं आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांना यातून काही मिळणार नाही.

लडकू हिरू भोईर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. विपुल जनार्दन म्हात्रे, भिवंडी (सही)
२. राकेश पदू पाटील, अंजूर (सही)

ठिकाण: अंजूर
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५