रुईची उशी

९ जानेवारी

कापसाच्या जिनिंगमधी आज शेठनं, म्हणजे गोविंदसिंगनं, सगळ्यांसमोर विचारलं — काय उत्कर्षभाऊ, भाकर गोल येते का आता? सगळे हासले. मीही हासलो. काय करता! बायको गुजरातेत कमावते अन् नवरा कारंज्यात भाकरी थापते, ही गंमत लोकायले वर्षभर पुरली. अजूनही पुरीन.

भाकर गोल येत नाई.

१२ जानेवारी

शेठले वजनकाट्यासाठी नवा कम्प्युटर पाह्यजे होता. दुकानदारानं भाव सांगितला अन् शेठचं तोंडच उतरलं. मेमरी महाग झाली म्हणे. जगात जिथं तिथं एआयचे मोठमोठे डेटा सेंटर उभे राहून राह्यले, बनली तितकी मेमरी तेच उचलून नेतात. शेठ माझ्याकडं पाहून म्हणे, तुझी बायको मेमरीच्याच कंपनीत हाय ना, तिले सांग, जरा हात चालव म्हणा!

संध्याकाळी फोनवर धम्मदीपाले सांगितलं. लय हासली. मंग बसली समजावत — परदेशातून सिलिकॉनच्या तयार चकत्या येतात, तिच्या कंपनीत त्या कापतात, एकावर एक रचतात, तपासतात, अन् चिप पॅक करून पाठवतात. मागणी इतकी की दुसरी इमारत बांधून राह्यले. डिप्लोमा झाला तवा वाशीमात हिले झेरॉक्सच्या दुकानाबिगर काम भेटलं नोतं. आता कंपनी सुट्टी द्याले तयार नाई.

फोन ठेवता ठेवता रोजचाच प्रश्न — "तुमी कवा येता?"

सिझन संपू दे म्हटलं. मेमरीवाल्या कंपनीत हाय, पण परवा माझा वाढदिवस होता हे काही तिच्या ध्यानात राह्यलं नाई. मीही बोललो नाई.

१८ जानेवारी

उशी शिवली! आमच्याकडं पोरगी सासरी निघाली की गादी-उशी देतात. धम्मदीपाले माय नोती, कोण देणार? कंपनीच्या हॉस्टेलची उशी गोट्यासारखी हाय म्हणते. शेठले विचारून ताजी रुई आणली, सरकीचा एक कण नाई त्याच्यात. मी या जिनिंगचा फिटर, चांगली रुई कोणती हे मले नाई समजणार तर कोणाले?

शेजारच्या गोमतीबाईनं शिवण पाह्यली. म्हणे, ढिली हाय रे बाबू, मी दोन टाके मारून देतो. नको म्हटलं. माझ्याच हातची पाह्यजे.

२७ जानेवारी

जाऊन आलो. मूर्तिजापूरवरून रातभर गाडी, मंग बस. एक दिवस भेटला. कंपनीच्या गेटासमोर चहा पेलो. ती सांगत होती — आत पावडर नाई, काजळ नाई, केसाले तेल नाई. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा सूट, नुसते डोळे दिसतात. एक तंतू जरी उडाला तरी माल वाया. अन् मी? माझ्या कानात, नाकात, भुवईत रुई! मले तर गेटापासूनच हाकलतीन.

उशीचं म्हटलं, ही चालते ना? ती म्हणे, खोलीवरची खोलीवर, तिचा काय संबंध! उशीले नाक लावून बसली होती. घरचा वास येते म्हणे.

मंग मले नवं बांधकाम दाखवलं. तिथं नवराबायकोले खोल्या भेटणार, होळीपर्यंत नाव द्या लागते. फिटरलेही काम हाय. पाहू म्हटलं. तिनं पुढं विचारलं नाई.

आता येता येता गाडीत विचार करत आलो. बायकोच्या मागं मागं बिऱ्हाड घेऊन जाऊ? लोक शेण घालतीन तोंडात.

१० फेब्रुवारी

पिठलं करपलं. तसंच खाल्लं. 

१९ फेब्रुवारी

धम्मदीपाची जागा बदलली. आता आत नाई जात, स्टोअरमधी खोके चिकटवते. काहून विचारलं तर म्हणे, असंच, बदलत राह्यतात. आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी असन.

म्या म्हटलं, बरं झालं, आरामाचं काम भेटलं.

३ मार्च

आज खोलीसाठी नाव द्याचा शेवटचा दिवस. तिचे तीन फोन. तिसऱ्याले मी भडकलोच. म्हटलं, इथं मले चार लोक ओळखतात, मशीन अडली की बोलावतात. तिथं मी कोण? धम्मदीपाचा नवरा! ती मंग म्हणे, "बरं."

जेवण गेलं नाई. पण बोललो ते काही खोटं नोतं.

१७ मार्च

आज तिनं "कवा येता" विचारलं नाई. बरं झालं बाप्पा! रोज रोज तेच.

२९ मार्च

तिले पुन्हा आत घेतलं. कामच इतकं वाढलं की घेणं भाग पडलं. खुश होती. मांगून कोणी तरी तिले गुजरातीत हाक मारली, हिनं गुजरातीतच उत्तर दिलं. स्कुटीही शिकली. कवा शिकली? मले सांगितलंच नाई. तिनं फोन लवकर ठेवला.

८ एप्रिल

सिझन संपला. रोलर बंद. सहा महिने त्या खडखडाटानं कान किटले होते, आता घरी आलो की कानात काहीच नाई. गोमतीबाईच्या घरचा टीव्ही ऐकत बसतो. मले धम्मदीपा पाह्यजे, बस. पैसाअडका नाई, नाव नाई, तीच पाह्यजे. हे तिले फोनवर काही बोलता येत नाई. मंग मी हवापाण्याचं विचारतो.

१३ एप्रिल

धम्मदीपाच्या खोलीतली निकिता बाबासाहेबांच्या जयंतीसाठी गावी केनवडले चालली. कारंज्याले बस बदलाची होती, तर मले स्टँडवर बोलावलं. धम्मदीपानं पांढरा शर्ट पाठवला, उद्या मिरवणुकीत घालाले. मी शर्ट पाहून राह्यलो अन् निकिता म्हणे, दादा, एक सांगू का? वैनीनं सांगू नको म्हटलं होतं.

मंग सांगितलं. उशीतून रुई निघे. रोज सकाळी केसात बारीक बारीक तंतू. निकितानं दोनदा म्हटलं, ठेवून दे ती पेटीत. हिनं ऐकलं नाई, त्याच उशीवर झोपे. एक दिवस आत धूळ मोजणारी मशीन बोंबलली, लाईन बंद पडली, हिच्या टोपीखाली रुई सापडली. हिले सगळ्यांदेखत बाहेर काढलं. कुठून आली विचारलं तर म्हणे, माझीच चूक. माझं नाव घेतलं नाई.

अन् मी म्हटलं आरामाचं काम भेटलं! माझ्यासारखा गाढव मीच. निकिताची बस लागली तरी मले तिले पाणी पाजाचं सुचलं नाई.

१४ एप्रिल

जयंती. पांढरा शर्ट घालून विहारात वंदना केली. मिरवणूक पुढं गेली, मी न्हाव्याकडं गेलो अन् डोकं साफ भादरून घेतलं. भुवया सोडल्या. म्हटलं, कारंज्याची रुई इथंच राहू दे.

गोमतीबाईनं पाह्यलं, म्हणे, श्रामणेर शिबिराले बसतो काय, भिक्खू व्हाले? नाई म्हटलं, बायकोकडं चाललो, राह्याले. पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. म्हातारी म्हणे, लय उशिरानं सुचलं रे तुले. शेठलेही सांगून आलो. तो हासला, मले काहीच वाटलं नाई. खोली नाई भेटली तर भाड्यानं घेऊ.

दिवसभर ती ड्युटीवर. उद्या सकाळी फोन लावतो.

१५ एप्रिल

फोन लावला. सगळं सांगितलं. उशीचं, माफीचं, येतो हेही. ती रागात नोती.

"नका येऊ आता," म्हणे. "लय वाट पाह्यली मी. मले आता एकटीची सवय झाली."

जेवली का, इतकंच विचारलं मी. हो म्हणे.