धोंड्याला डोंगरातून पायी

२० मे
ठरलं. यंदा धोंड्याच्या जेवणाला पिशोरला एस.टी.नं जायचं नाही. डोंगरातून पायी जायचं, पाठीवर बॅग. शनिवारी कन्नडच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं, रात्री पठारावर एकट्यानं मुक्काम, रविवारी सगळे पाव्हणे जमलेले असताना सासऱ्यांच्या, सांडूअण्णांच्या दारात हजर. मग त्यांनी दिवाळीची गोष्ट सांगूनच दाखवावी.

दिवाळीला त्यांच्या शेतात राखणीला गेलो होतो. अंधारात एक रोही, म्हणजे नीलगाय, खोकली. मी गावात मदत आणायला गेलो. जरा वेगानं गेलो. चप्पल राहिली एक. सासरे मात्र सांगतात, जावई पळाला. मेहुण्याच्या, कडूबाच्या साखरपुड्यात तर पळून दाखवलं. लोक लोळले हसून. द्वारकाही हसली. बायकोनं हसावं, हे लई लागलं.

२२ मे
द्वारकेला प्लॅन सांगितला. म्हणाली, अहो, तुम्हाला घरात संडासला जायला लाइट लागतो. ती सेफ्टी आहे, म्हटलं.
बॅग घेऊन जिना चढायची प्रॅक्टिस. दोन मजले उत्तम. तिसऱ्यावर आपलं काही काम नसतं.

२५ मे
द्वारका अनारसे तळायला माहेरी गेली. जाताना म्हणाली, विचार बदलला तर गुपचूप एस.टी.नं या, मी अण्णांना काही सांगणार नाही. माझ्यावर विश्वासच नाही बाईचा.
तंबू कॅन्सल, फार जड. शेजारच्या वच्छलाबाईंची मच्छरदाणी घेतली.

२६ मे, बसमध्ये
दशम्या फाट्याच्या आधीच संपवल्या. वजन कमी करणं महत्त्वाचं. मोबाइलवर ट्रेकिंगचे व्हिडिओ बघून तयारी चालू.

दुपार
मोबाइल डिस्चार्ज. मॅप त्यातच.
पायवाट आहे. मग नाही. मग एकदम तीन आहेत. मधली धरली, ती घाणेरीच्या झुडपात संपली. बाहेर यायला शर्टाची एक बाही द्यावी लागली. पाण्याची बाटली दरीत गेली. माझी चूक नाही, झाकण घसरडं होतं.

दिवेलागण
पठार गाठलं! चढण संपल्यावर बराच वेळ उतारच लागला, पण डोंगरात असं होतं. जागा अगदी अस्पर्श. काळी मऊ जमीन, वाऱ्यानं तिच्यावर सरळ रेघा पाडलेल्या. एक आंबा. एक प्राचीन विहीर. तिला पाइप, तोही जुना दिसतो. मच्छरदाणी आंब्याला बांधली. एकटा मी आणि निसर्ग. अण्णांनी बघायला पाहिजे होतं.

२७ मे, पहाट
रात्री चहूबाजूंनी डोळे चमकले. मी आवाज दिला. (किंचाळणं वेगळं.) मेंढरं निघाली. मागून मुंजाबा धनगर आणि त्याची बायको म्हाळसाबाई. पाव्हणं, हितं कशाला पडले, म्हणाला. सोलो ट्रेक आहे, म्हटलं. व्हय का, म्हणाला.
म्हाळसाबाईनं भाकर आणि ठेचा दिला. तिचं मन मोडायला नको म्हणून चार भाकरी खाल्ल्या.
मुंजाबा बोलता बोलता लांडग्यावर आला. घाबरला असावा बिचारा. त्याला धीर यावा म्हणून मी त्याचा हात धरला आणि रात्रभर सोडला नाही.

सकाळ
डोळे उघडले तर समोर सांडूअण्णा, हातात चहाची किटली. खतासाठी शेतात मेंढरं बसवली की धनगराचा चहा शेताच्या मालकानं आणायचा, अशी इथली पद्धत.
म्हणजे शेत अण्णांचं. दिवाळीचंच. तेव्हा कपाशी उभी होती, आता नांगरलेलं. कोण ओळखणार?
मी अंगावरच्या लेंड्या झटकल्या आणि सांगितलं, रात्र एकट्यानं काढली. अण्णांनी मेंढरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. वेशीपाशी ती माझ्या पाठीवर चढवली आणि म्हणाले, जावईबापू, आता तुम्ही म्होरं व्हा.
दारात सगळ्यांना सांगितलं, जावई डोंगरातून आले, एकले. पायावर पाणी घालताना द्वारकेनं वर बघितलं. असं ती लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती. छाती भरून आली.

दुपार, पंगतीनंतर
धोंडे उत्तम. अनारसे उत्तम. अण्णांनी मुंजाबालाही सहकुटुंब जेवायला बोलावलं होतं. हे टाळता आलं असतं.
कडूबानं त्याला विचारलं, मेंढरं बसली का नीट? मुंजाबा म्हणाला, बसली, पर मला रातभर उठता आलं नाय, ह्या पाव्हण्यानं हात सोडला नाय. म्हाळसाबाई म्हणाली, झोपंत दोनदा आई म्हणून हाक मारली लेकरानं. मीच व्हय म्हणलं.
पंगत लोळली. अण्णांनी बराच वेळ हसू दाबलं होतं, पण शेवटी तेही फुटले. द्वारका पदर तोंडात धरून आत पळाली.
एक फायदा झाला. दिवाळीची गोष्ट आता कुणी सांगणार नाही. तिची गरज उरली नाही.

रात्र
संडास अंगणाच्या पार टोकाला. लाइट गेलेली. मी उठून बसलो. द्वारका जागीच होती. हसली नाही. अंधारात नुसता हात पुढं केला.
धरला. सेफ्टी.